धार संपते तिथून पुढे

वाचकांचे प्रश्न, भटक्याची उत्तरे

दिवाळी उलटली, ओढ्यांत पावसाचे पाणी अजून टिकून आहे आणि माळावरचे गवत पिवळे पडू लागले आहे, म्हणजे राजगड–तोरणा–रायगड या वाटेचे वेध लागण्याचे दिवस आले. या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे याच वाटेविषयी आहेत आणि त्यांतलीही बरीचशी तिच्या शेवटच्या टप्प्याविषयी, म्हणजे तोरण्याची बुधला माची सोडून घाटमाथ्यावरच्या मोहरी गावामार्गे कोकणात उतरणे आणि रायगड चढणे याविषयी. म्हणून या वेळचे सगळे सदर त्या टप्प्याला दिले आहे.

प्रश्न : आम्ही बँकेतले पाच सहकारी, वय ४८ ते ५६. राजगड ते तोरणा आम्ही दोनदा केला आहे. या डिसेंबरात पुढे रायगडापर्यंत जाण्याचा विचार आहे. परंतु आमच्यातल्या दोघांचे म्हणणे असे की खरी डोंगरधार तोरण्यावर संपते, पुढची नुसती रखडपट्टी आहे, तेव्हा तोरण्यावरून वेल्ह्याला उतरावे आणि गाडीने रायगड गाठावा. आपले मत काय? आणि चालायचेच ठरले, तर तो टप्पा एका दिवसात बसतो का? (कोथरूड, पुणे)

उत्तर : तुमच्या सहकाऱ्यांचे निम्मे म्हणणे खरे आहे. राजगडाच्या संजीवनी माचीवरून अळू दरवाजाने बाहेर पडल्यापासून बुधला माचीला भिडेपर्यंत आपण एकाच धारेवर असतो. उजव्या हाताला कानंदीचे खोरे, डाव्या हाताला वेळवंडीचे खोरे आणि त्यात भाटघरच्या जलाशयाचे पाणी, मागे राजगडाचा बालेकिल्ला आणि पुढे तेलाचा बुधला पालथा घालावा तसा तो सुळका, असे सगळे दिवसभर डोळ्यांसमोर राहते. वाट चुकली तरी दहा मिनिटांत नजर ती पुन्हा जागेवर आणते. तोरण्याच्या पलीकडे ही धार तशी राहत नाही. ती सोंडांमध्ये फुटते, गेळगाणीच्या बाजूला उतरताना रानात शिरते, शेतांच्या बांधांवर येते, पुन्हा चढते, आणि चालणाऱ्याला पुढचे मुक्कामाचे ठिकाण तासन्‌तास दिसत नाही.

पण तेवढ्यावरून पुढच्या वाटेला रखडपट्टी म्हणणे मला पटत नाही. राजगड आणि तोरणा यांच्या दोन्ही अंगांनी वाहणारे पाणी, मग ते कानंदीचे असो वा वेळवंडीचे, शेवटी नीरेत जाते, नीरेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरात. मोहरीच्या पुढे रायलिंगाच्या पठाराची कड ओलांडून नाळेत, म्हणजे कड्यातल्या उभ्या घळीत, पाऊल टाकले की पायाखालचे पाणी काळ नदीचे होते. काळ सावित्रीला मिळते आणि सावित्री बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला. म्हणजे आधीचे दोन दिवस आपण ज्या धारेवरून चाललो ती घाटमाथ्यावरून पूर्वेकडे गेलेली एक फांदी होती. सह्याद्रीचा मुख्य कडा आपल्याला भेटतो तो शेवटच्या टप्प्यात, आणि तोही वरून पाहायला नव्हे, तर आतून उतरायला.

दुसरे कारण इतिहासाचे आहे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले आणि १२ स्वराज्यात राहिले. त्या १२ किल्ल्यांत राजगड, तोरणा, लिंगाणा आणि रायगड, म्हणजे तेव्हाची रायरी, हे चारही होते. नकाशावर बोट ठेवून पाहा, आपली वाट याच चार किल्ल्यांची आहे. पुढे राजधानी राजगडावरून रायगडावर गेली आणि ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक तिथे झाला. या दोन राजधान्यांमध्ये घाटमाथ्याची जी भिंत उभी आहे ती गाडीतून कळत नाही. घाटरस्ता ती वळणावळणाने पुसून टाकतो. राजगडासारखा बलदंड किल्ला सोडून कोकणच्या बाजूला, या कड्याच्या आडोशाला जाण्यात काय मिळाले असेल, हे नाळेच्या तोंडाशी उभे राहून खाली पाहिले की पुस्तकाशिवाय समजते. माझे मत विचाराल तर तोरण्यावरून वेल्ह्याला उतरणाऱ्याने दोन किल्ले उत्तम पाहिले, पण त्यांना जोडणारी गोष्ट तो सोडून आला.

आता दिवसांचा हिशेब. तोरणा ते रायगड एका दिवसात ‘बसवणारे’ आहेत, पण तुम्ही बसवू नये. तोरणा ते मोहरी हा एक पूर्ण दिवस आहे; माझ्या चालीने विश्रांतीसकट नऊ तास लागतात, आणि मी हळू चालणारा नाही. मोहरी ते कोकणातले पाने गाव हा दुसरा दिवस, ज्यातले अंतर थोडे आणि उतार फार. पान्याहून काळ नदीचे खोरे ओलांडून रायगडाच्या पायथ्याच्या वाड्यांपर्यंत जायला आणखी तीन-चार तास धरा आणि गड चढण्याचे काम तिसऱ्या दिवशी सकाळसाठी ठेवा.

हे मी शिकलो ते चूक करून. बऱ्याच वर्षांपूर्वी एका छापील वेळापत्रकावर विसंबून आम्ही सात जण पहाटे तोरणा सोडून त्याच रात्री पायथ्याला पोहोचायला निघालो. नाळेच्या तोंडाशी आलो तेव्हा साडेचार वाजले होते. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो हे आम्हाला ठाऊक होते. दिवसभर चाललेल्या पायांना उतरायला किती वेळ लागेल, हे मात्र ठाऊक नव्हते. अंधार झाला तेव्हा आम्ही नाळेच्या मध्यावर होतो, आमच्यातल्या एकाचा घोटा मुरगळला होता आणि सात जणांत मिळून दीड बाटली पाणी होते. ती रात्र आम्ही एका मोठ्या धोंड्याच्या आडोशाला बसून काढली. कोणाला गंभीर इजा झाली नाही. परंतु वरच्या कड्यावरून अंधारात एखादा दगड सुटल्याचा आवाज आला की सातही जण श्वास रोखून तो कुठे थांबतो हे ऐकत होते. तो आवाज मला अजून आठवतो आणि म्हणूनच हे इतके लांबवून लिहितो आहे.

प्रश्न : मोहरीहून उतरायला बोराट्याची नाळ घ्यावी की सिंगापूरची? दोन्हींची वर्णने वाचली, पण एकाने सोपी म्हटलेली वाट दुसरा अवघड म्हणतो. आमच्या गटात दोर हाताळणारे कोणी नाही. (डोंबिवली)

उत्तर : दोर हाताळणारे कोणी नसेल तर सिंगापूरची नाळ. याच्यावर चर्चा नको.

कारण मात्र समजून घ्या, म्हणजे वर्णनांतला गोंधळ निस्तरेल. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरावर थर बसून झालेला आहे. या थरांना उभ्या भेगा असतात. पाणी त्या भेगेत शिरते, हजारो पावसाळे ती रुंदावते आणि कड्यात वरपासून खालपर्यंत एक उभी घळ तयार होते. तीच नाळ. म्हणजे नाळ ही मुळात पाण्याची वाट आहे, माणसाने ती नंतर वापरायला घेतली. पाणी दरवर्षी तिच्यात नवे दगड आणून टाकते, जुने हलवते, एखादे मोठे झाड आडवे करते. म्हणून गेल्या वर्षीचे वर्णन या वर्षी लागू पडेलच असे नाही, आणि पावसाळ्यानंतर पहिल्यांदा उतरणाऱ्या गटाला सगळ्यांत जास्त सुटे दगड मिळतात. नोव्हेंबरात डगमगणारा धोंडा जानेवारीत बसलेला असू शकतो.

सिंगापूरची नाळ दापोलीकडे उतरते. (रत्नागिरी जिल्ह्यातले दापोली नव्हे, हे काळ नदीच्या खोऱ्यातले लहान गाव आहे, एका वाचकाने मागे बसचे तिकीट भलतीकडचे काढले होते.) घाटावरची आणि कोकणातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या या वाटेने सोयरिकीला आणि बाजाराला गेली आहेत, आणि अशा वाटेला एक शहाणपण असते. जिथे पाय थकतो तिथे वळण येते, जिथे उंची अंगावर येते तिथे वाट झाडीत शिरते. उतार भरपूर आहे, घसारा, म्हणजे पायाखालून सरकणारी सुटी माती-खडी, आहे, पण हातापायांनी उतरता येतो.

बोराट्याची नाळ रायलिंगाच्या पठाराजवळून सुटते आणि तिचे वैशिष्ट्य असे की ती सरळ तळाला नेऊन सोडत नाही. धोंड्यांवरून बरेच खाली उतरल्यावर नाळ सोडून कड्याच्या पोटातून एक आडवी वाट घ्यावी लागते, जी लिंगाणा आणि रायलिंग यांच्यामधल्या खिंडीत पोहोचते. तिथून पुढे लिंगाण्याची माची आणि मग पाने. ज्यांना ‘सोपी’ वाटली त्यांना बहुधा नाळ आठवत असते, आणि ज्यांना ‘अवघड’ वाटली त्यांना ही आडवी वाट. ती काही ठिकाणी दोन पावलांइतकीच रुंद आहे, एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला मोकळी दरी. कोरड्या दिवशी, ताज्या पायांनी, दृष्टिभय नसलेल्या माणसाला ती जमते. पण गटात सगळेच तसे नसतात, आणि ज्याचे पाय थरथरू लागले त्याला तिथे मागे फिरवणे पुढे नेण्याइतकेच कठीण होते. म्हणून दोर आणि तो कातळाला नीट बांधून माणसे एकेक करून पलीकडे नेऊ शकणारा जाणता हवा. पाठीवरच्या पिशवीला बाहेरून चटई किंवा भांडे बांधू नका. ती कातळाला घासते आणि माणसाला दरीकडे ढकलते.

नाळ कोणतीही असो, तीन गोष्टी पाळा. एक, सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट असावे. दोन, माणसामाणसांत अंतर इतके कमी असावे की सुटलेल्या दगडाला वेग घ्यायला वाव मिळू नये. आणि नाळ अगदी उभी असेल तिथे एकाने उतरून आडोशाला जाईपर्यंत दुसऱ्याने जागचे हलू नये. एकदा नाळ उतरताना माझ्या पुढच्या मित्राच्या पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात ॲल्युमिनियमची बाटली होती. मागून कोणाच्या तरी टाचेने नारळाएवढा दगड सुटला, डाव्या कातळावर आपटला आणि त्या बाटलीला लागला. बाटली मधोमध चेपून तिच्या दोन्ही बाजू एकमेकींना टेकल्या. तो दगड वीतभर उजवीकडे असता तर त्याच्या पाठीच्या कण्यावर बसला असता. तीन, आग्या माश्या. कड्याला लटकलेली काळी पोळी दिसली की बोलणे बंद करावे, शेकोटी आणि विडी-सिगारेट तर नकोच नको, आणि अंगाला उग्र वासाचे अत्तर लावून डोंगरात येऊ नये.

या नाळांची तोंडे पश्चिमेकडे आहेत, त्यामुळे सकाळी त्या सावलीत असतात आणि दुपारी तापतात. आठ वाजता उतरायला लागा, म्हणजे उन्हाआधी अर्ध्याहून अधिक उतार संपलेला असेल.

प्रश्न : मी ४४ वर्षांची आहे. दर रविवारी पांडवलेण्यांच्या पायऱ्या दोनदा चढते, दम लागत नाही. तरीही मागच्या वर्षीच्या तीन दिवसांच्या मोहिमेत शेवटच्या उतरणीला माझ्या मांड्या लटलटू लागल्या आणि अंगठ्यांची नखे काळी पडली. सराव कमी पडतो आहे का? (नाशिक)

उत्तर : ताई, सराव कमी नाही, एकाच बाजूचा आहे. तुम्ही चढण्याचा सराव करता आणि मोहिमेचा शेवट उतरण्याने होतो. चढताना मांडीचे स्नायू आखडत जोर लावतात; उतरताना तेच स्नायू ताणले जात असताना शरीराचा भार पेलतात, आणि या दुसऱ्या प्रकारच्या कामाने ते अधिक दुखावतात. हे दुखणे लगेच कळत नाही. श्रम झाल्यावर एक ते तीन दिवसांनी ते सर्वांत जास्त जाणवते. म्हणजे राजगड आणि तोरणा उतरण्याचे देणे नेमके नाळेत चुकवावे लागते. तेव्हा पुढचे सहा-सात आठवडे पायऱ्या उतरण्याकडे लक्ष द्या. पाठीवर पाच-सहा किलो वजन घेऊन, गुडघा किंचित वाकवून, टाच न आपटता, सावकाश उतरा, आणि लागोपाठ दोन दिवस हे करा, म्हणजे दुखऱ्या पायांनी उतरण्याची सवय होईल.

नखांचे कारण बुटांत आहे. उतारावर पाऊल पुढे सरकते आणि बोटे बुटाच्या टोकावर आदळतात. बूट एका मापाने मोठा घ्या, निघण्याच्या तीन दिवस आधी नखे कापा (आदल्या रात्री कापलेले नख टोचते) आणि उतरणीला लागण्यापूर्वी खाली बसून नाड्या घोट्यापाशी पुन्हा घट्ट आवळा. हातात दोन काठ्या असाव्यात; नाळेतल्या मोठ्या धोंड्यांवर मात्र त्या पिशवीत टाका आणि हात मोकळे ठेवा. गुडघा आधीपासून सुजत असेल तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवून मगच पुढचे ठरवा.

प्रश्न : मोबाइलमध्ये वाटेचा नकाशा उतरवून घेतला आहे. तरीही वाटाड्या घ्यावा का? (पिंपळे सौदागर)

उत्तर : घ्यावा. तोरण्याहून मोहरीकडे जाताना कारवीच्या रानात माणसांच्या वाटा आणि ढोरवाटा सारख्याच मळलेल्या दिसतात. गुरे चाऱ्याकडे जातात आणि आपल्याला गावाकडे जायचे असते, एवढाच दोहोंतला फरक, आणि तो पडद्यावरच्या रेषेला ठाऊक नसतो. नाळेत तर दोन्ही बाजूंच्या उंच कातळांमुळे उपग्रहांचे संकेत नीट मिळत नाहीत आणि आपण कुठे आहोत हे दाखवणारा ठिपका कड्याच्या पोटात भटकू लागतो. नकाशा जवळ ठेवा, बॅटरी भरलेली ठेवा, पण नाळ उतरताना स्थानिक माणूस पुढे असू द्या.

प्रश्न : मोहरीत राहण्या-जेवण्याची सोय होते का? पाणी कुठे मिळते? (सांगली)

उत्तर : होते. गावात आधी निरोप द्यावा, किती माणसे आणि किती वाजता येणार ते सांगावे, आणि सांगितल्या वेळेस पोहोचावे. पंधरा माणसांचा स्वयंपाक करून ठेवायचा आणि गट आलाच नाही, किंवा रात्री दहाला येऊन ‘आम्ही खाऊन आलो’ म्हणाला, असे प्रसंग या गावांनी सोसले आहेत. पीठ डोक्यावरून नाही तरी दूरच्या बाजारातून आणलेले असते.

मला मोहरी आठवते ती एका ओसरीमुळे. तिथल्या आजींनी नाचणीची भाकरी थापताना माझ्याकडे न पाहताच विचारले, “पोरा, खाली जायचंय का रायलिंगावरनं माघारी?” खाली जायचे आहे म्हटल्यावर त्या उठल्या, माझ्या बुटांचे तळवे उलटे करून पाहिले आणि झिजलेल्या टाचेवरून अंगठा फिरवत म्हणाल्या, “ह्यानं न्हाई उतरायचं.” माझ्या सोबत्याचे जादा बूट पायात बसले म्हणून मी दुसऱ्या दिवशी उतरलो. त्या स्वतः लग्नानंतर कितीतरी वर्षे अनवाणी, डोक्यावर तांदळाचे ओझे घेऊन, त्या वाटेने माहेरी ये-जा करत होत्या. नाळेविषयी इतका नेमका सल्ला मला दुसऱ्या कोणी दिलेला नाही. अशा घरी पैसे देताना घासाघीस करू नये. सांगतील तेवढे द्यावेत आणि भाकरीचे, चुलीचे फोटो विचारून घ्यावेत.

पाण्याचे असे आहे की डिसेंबर-जानेवारीपर्यंत वाटेवरच्या ओढ्यांत आणि गावच्या विहिरींवर ते मिळते. फेब्रुवारीनंतर एकेक झरा आटत जातो आणि मार्चमध्ये गावकऱ्यांनाच पुरत नाही, तेव्हा आपण जाऊन त्यात वाटेकरी होऊ नये. त्याच सुमारास वाळलेल्या गवताला वणवे लागतात, हेही एक कारण आहेच. मोहरी सोडताना प्रत्येकाजवळ चार लिटर पाणी असावे, कारण नाळेत भरवशाचे पाणी धरू नये. गटातले कोणी मोहरीत पोहोचेपर्यंत थकलेच तर तिथवर गाडीरस्ता आला आहे, त्यांना वेल्ह्याच्या बाजूने परत पाठवता येते. आणि हे ठरवण्याची शेवटची जागा मोहरीच आहे, पुढे माघार सोपी नाही. पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, नाळेत उतरूच नये. ती त्या दिवसांत पाण्याची असते.

प्रश्न : माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, राजगड-तोरणा आनंदाने चालला. त्याला शेवटच्या टप्प्याला न्यावे का? (ठाणे)

उत्तर : मोहरीपर्यंत जरूर न्या, रायलिंगाच्या पठारावर नेऊन समोरचा लिंगाणा आणि त्यामागचा रायगड दाखवा, आणि तिथून गाडीने परत या. नाळेतल्या धोंड्यांमधली अंतरे मोठ्या माणसाच्या पावलांची आहेत, शिवाय वरून दगड आला तर तो चुकवण्याचे भान या वयात प्रत्येक क्षणी राहत नाही. चार-पाच वर्षांनी तो तुम्हाला घेऊन उतरेल.

प्रश्न : इतके चालून आल्यावर शेवटी रायगडाला रोपवेने गेले तर मोहीम पूर्ण झाली असे म्हणावे का? आमच्या गटात यावरून दोन तट पडले आहेत. आणि वर पोहोचल्यावर थोडाच वेळ हाताशी असेल तर काय पाहावे? (कोल्हापूर)

उत्तर : तट मिटवायला मी असमर्थ आहे, पण माझे मत सांगतो. ज्याचा गुडघा सुजला आहे, ज्याच्या पायाला फोड फुटले आहेत, त्याने हिरकणीवाडीतून रोपवेने जावे आणि मनात काहीही कमीपणा आणू नये. तो राजगडापासून चालत आला आहे, हे कोणतीही दोरी पुसू शकत नाही. ज्याचे पाय धड आहेत त्याने मात्र पायऱ्यांनीच जावे. दीड हजाराच्या आसपास पायऱ्या आहेत आणि मोहिमेतल्या आधीच्या कोणत्याही चढाशी त्यांची तुलना होत नाही, कारण इथे वाट शोधावी लागत नाही, पाय कुठे ठेवू हे पाहावे लागत नाही. दोन-तीन दिवस नजर पायांशी बांधलेली असते, ती पहिल्यांदा मोकळी होते. चित् दरवाजाकडून चढा आणि महादरवाजाच्या अलीकडे पाच मिनिटे थांबा. दोन बुरूज असे रचले आहेत की अगदी जवळ येईपर्यंत दरवाजा दिसत नाही. खालून येणाऱ्या सैन्याला तो कसा वाटला असेल, हे थकलेल्या पायांनी तिथे उभे राहिले की जास्त चांगले कळते.

शक्य असेल तर आदल्या रात्री पायथ्याशी, पाचाडच्या बाजूला मुक्काम करा. जिजाऊसाहेबांचा वाडा आणि समाधी तिथे आहे. राज्याभिषेकानंतर अवघ्या ११ दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी, त्यांनी देह ठेवला. गड चढण्यापूर्वी तिथे जाऊन यावे, असे मला मनापासून वाटते. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे, तेव्हा प्रवेशाच्या वेळा आणि वर मुक्कामाची सोय यांची चौकशी आधी करून ठेवा. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या लष्करी वास्तूंना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्या १२ किल्ल्यांत रायगड आणि राजगड दोन्ही आहेत, म्हणजे तुमची वाट निघते वारशातून आणि पोहोचतेही वारशात. गर्दी त्यामुळे वाढली आहे, शनिवार-रविवार टाळा.

थोडाच वेळ असेल तर जगदीश्वराचे मंदिर आणि महाराजांची समाधी यांना आधी जा. बाजारपेठ, राजसभा, गंगासागर हे सगळे पाहण्यासारखे आहेच, पण त्यासाठी तुम्ही पुन्हा कधीही येऊ शकाल. समाधीचे दर्शन झाले की गडाच्या पूर्वेकडच्या कडेला जाऊन बसा. तिथून तुमची सगळी वाट दिसते: जवळ लिंगाणा, त्यामागे घाटमाथ्याची भिंत, आणि हवा स्वच्छ असेल तर त्याही मागे तोरणा आणि राजगड. मात्र हे सकाळी पाहायला जाऊ नका. सकाळी सूर्य त्या भिंतीच्या पाठीमागे असतो, लिंगाणा मागच्या कड्यात मिसळून जातो आणि सगळे एकसारखे काळे दिसते. दुपारी तीननंतर ऊन पश्चिमेकडून कड्यावर पडते, मग लिंगाण्याचा सुळका भिंतीपासून सुटा होतो, नाळांच्या घळींत सावल्या भरतात आणि आपण नेमके कुठून उतरलो ते बोटाने दाखवता येते. महाडची एस.टी. गाठायची असेल तर तिची वेळ पाचाडला आधीच विचारून ठेवा आणि उतरण्यासाठी दोन तास राखून, बाकीचा वेळ तिथे बसा.